डेर, डी, डास पाठ होत नाही? इंग्रजी बाजूला ठेवा आणि मराठीतून शिका

प्रश्न असा आहे: "मी सातारा जिल्ह्यातली. नर्सिंग झालंय, जर्मनीला जायची तयारी चालू आहे. जर्मनची ए-टू पातळी पूर्ण केली, त्यापुढची बी-वन सुरू आहे. शब्द लक्षात राहतात, पण कुठला डेर, कुठला डी आणि कुठला डास हे काही केल्या राहत नाही. रोज तीस शब्दांची यादी घोकते आणि आठवड्यात सगळं पुसलं जातं. याला नियम आहेत की नुसतं पाठच करायचं? आणि चुकलं तर एवढं काय बिघडतं?"

मी पुण्यात बावीस वर्षं जर्मन शिकवते. हाच प्रश्न पूर्वी हौसेने भाषा शिकणारे विचारायचे, आता नर्सेस, वेल्डर, इलेक्ट्रिशियन विचारतात. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केल्यापासून तर लहान गावांतली मुलंही मोठ्या संख्येने वर्गात येऊ लागली आहेत. त्यांच्याकडे वेळ कमी असतो आणि परीक्षेवर बरंच काही अवलंबून असतं. म्हणून जरा सविस्तर लिहिते. डेर, डी, डास ही जर्मन नामाआधी लागणारी आर्टिकलं, ती नामाचं लिंग दाखवतात: डेर पुल्लिंगी, डी स्त्रीलिंगी, डास नपुंसकलिंगी.

आधी तुमची शब्दांची वही उघडा. डावीकडे जर्मन शब्द आणि उजवीकडे त्याचा इंग्रजी अर्थ, अशीच आहे ना? टिश म्हणजे टेबल, लाम्पे म्हणजे लॅम्प. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांची वही अशीच असते, कारण पुस्तक इंग्रजीतून, ॲप इंग्रजीतून, कोशही इंग्रजीतून. माझ्या मते गाडी इथेच अडते. इंग्रजीत वस्तूला लिंग नाही. टेबल काय, दिवा काय, खिडकी काय, सगळ्यांना एकच सर्वनाम. त्या भाषेच्या वाटेने शब्द डोक्यात शिरला की तो उघडाच शिरतो, आणि मग डेर-डी-डास हे वरून चिकटवलेलं लेबल होतं. लेबल चार दिवसांत गळून पडतं.

तुमच्या घरची भाषा मात्र तशी नाही. सूर्य उगवला, वीज चमकली, आभाळ भरून आलं. ही तीन वाक्यं बोलताना तुम्ही कधी थांबून विचार केलात का, की वीज स्त्रीलिंगी म्हणून 'चमकली' म्हणायला हवं? तो, ती, ते ही तीन खणांची मांडणी तुमच्या कानात लहानपणापासून आहे. जर्मनमध्येही तीनच खण आहेत. हिंदी बोलणाऱ्याला नपुंसकलिंग नव्याने समजून घ्यावं लागतं, इंग्रजी बोलणाऱ्याला तर सगळीच कल्पना नवी असते. आपल्याला यंत्र नवं घ्यायचं नाही, त्यात माल फक्त वेगळा भरायचा आहे.

माल वेगळा, हे मात्र विसरायचं नाही. वरचीच वाक्यं घ्या. सूर्य आपल्याकडे तो, जर्मनमध्ये डी झोने, म्हणजे ती. वीज आपली ती, त्यांचा डेर ब्लिट्स. आभाळ आपलं ते, त्यांचा डेर हिमेल. तीनपैकी एकही जुळत नाही. शरीराचे अवयव तर तुम्हाला रोज लागणार आहेत. हात आपल्याकडे पुल्लिंगी, तिकडे डी हांड. नाक ते, तिकडे डी नाझे. कान तो, तिकडे डास ओर. डोळा तो, तिकडे डास आउगे. पोट ते, पण डेर बाउख. पाठ ती, पण डेर र्‍युकेन. गुडघा तो, पण डास क्नी. जुळतात ती थोडी: जीभ म्हणजे डी त्सुंगे, दात म्हणजे डेर त्सान, हृदय म्हणजे डास हेर्त्स. एका संध्याकाळी स्वतःच्या शरीरावर बोट ठेवत 'आपला तो, त्यांची ती' असं मोठ्याने म्हणत जा. जिथे दोन्ही भाषा भांडतात तो शब्द जास्त पक्का बसतो, हा माझा वर्गातला अनुभव आहे.

'लिंग' या शब्दानेही घोटाळा होतो. आपण लगेच बाई-पुरुष शोधायला जातो आणि टेबलात पुरुष काय आहे असं विचारतो. जर्मन व्याकरणात यासाठी 'गेनुस' असा लॅटिनमधून आलेला शब्द आहे, त्याचा मूळ अर्थ प्रकार किंवा जात. नामांचे तीन प्रकार, एवढंच समजा. 'भिंत'मध्ये बाईपण कुठे आहे असं मराठी माणूस विचारत नाही, मग टिशमध्ये पुरुषपण शोधायची गरज नाही.

वर्गात हमखास तक्रार येते ती डास मेडशेनवर. मुलगी, आणि तीही नपुंसकलिंगी? एका वर्षी असाच वाद रंगला असताना मालवणकडची एक विद्यार्थिनी शांतपणे म्हणाली, "मॅडम, आमच्याकडे चेडू म्हणजे मुलगी, आणि तां चेडूच म्हणतात." वर्ग गप्प झाला. गोव्याच्या कोकणीतही 'तें चेडूं' असंच आहे. आणि प्रमाण मराठीत तरी काय वेगळं आहे? कोकरू, वासरू, पिल्लू, करडू, पाखरू, लेकरू. लहान जीव दाखवणारे हे ऊकारान्त शब्द सगळे 'ते'. जर्मनमध्ये हेच काम '-शेन' आणि '-लाइन' हे प्रत्यय करतात. ते लागले की वस्तू लहान होते आणि शब्द डास होतो, आधी तो काहीही असो. डास ब्र्योटशेन म्हणजे छोटा पाव, डास मेडशेन म्हणजे मुळात छोटी तरुणी. याला अपवाद नाही.

आता नियमांकडे येते. इंटरनेटवर पन्नास-साठ नियमांचे तक्ते फिरतात, ते छापून भिंतीला लावू नका. तुमच्या कामाला लागतील असे थोडेच नियम घट्ट धरा. पहिला नियम शब्दाच्या शेपटीचा. आपणही हेच करतो: आंबा, चमचा आकारान्त म्हणून बहुधा तो, पोळी, वाटी ईकारान्त म्हणून बहुधा ती. जर्मनमध्ये 'उंग' या प्रत्ययाने संपणारी नामं डी असतात, आणि रुग्णालयाची नोंदवही या नामांनी भरलेली असते: उंटरझूखुंग म्हणजे तपासणी, फेरलेट्सुंग म्हणजे इजा, ब्लूटुंग म्हणजे रक्तस्राव, श्वेलुंग म्हणजे सूज, आट्मुंग म्हणजे श्वसन. डोळे मिटून डी म्हणा. 'श्प्रुंग' म्हणजे उडी, हा डेर आहे, कारण त्यातलं 'उंग' प्रत्यय नसून धातूचाच भाग आहे. 'हाइट' आणि 'काइट' हेही डी: डी क्रांकहाइट, आजार. तसेच 'शाफ्ट' आणि 'टेट'. 'इओन'ने संपणारे ओपेरात्सिओन, इन्फुझिओन, श्टात्सिओन म्हणजे वॉर्ड, हे सगळे डी. यात डास श्टाडिओन, म्हणजे मैदान, हा अपवाद लक्षात ठेवा. बाईचा पेशा किंवा भूमिका सांगणारा 'इन' अर्थात डी: पाट्सिएंटिन, एर्त्स्टिन. रोगांच्या नावातला 'इटिस' डी.

शेवटी नुसता 'ए' असेल तर नाम बहुधा डी असतं. टाब्लेटे, श्प्रिट्से म्हणजे इंजेक्शन, व्हुंडे म्हणजे जखम, ग्रिपे म्हणजे फ्लू. इथे 'बहुधा' या शब्दाला महत्त्व आहे. डास आउगे आणि डास एंडे आहेत, डेर नामे आणि डेर केझे म्हणजे चीज आहेत, शिवाय डेर युंगे आणि डेर कोलेगे असे पुरुषवाचक शब्द आहेत. हे अपवाद पाठ करा, बाकीच्यांना बेधडक डी लावा.

'मेंट'ने संपणारी परकी नामं डास असतात: मेडिकामेंट, डोकुमेंट. डेर त्सेमेंट हा अपवाद आहे, पण तो तुमच्यापेक्षा गवंडीकाम शिकणाऱ्यांना जास्त लागेल. क्रियापदाचं मूळ रूप नाम म्हणून वापरलं की डास: डास एसेन म्हणजे जेवण, डास लेबेन म्हणजे जगणं. आपलंही तसंच आहे पाहा. खाणं, जगणं, बोलणं, सगळी 'ते'.

सगळ्यात फसवा शेवट 'एर'चा. माणूस असेल तर सोपं, फ्लेगर म्हणजे शुश्रूषा करणारा, तो डेर. वस्तूंमध्ये आणि अवयवांमध्ये मात्र तिन्ही निघतात. डेर फिंगर आणि डेर क्योर्पर म्हणजे शरीर. डी लेबर म्हणजे यकृत, डी शुल्टर म्हणजे खांदा, डी आडर म्हणजे शीर. डास फीबर म्हणजे ताप, डास फ्लास्टर म्हणजे चिकटपट्टी, डास त्सिमर म्हणजे खोली. इथे नियम शोधत बसू नका. तीन रंगांच्या तीन ओळी लिहून आरशाजवळ चिकटवा आणि दात घासताना वाचा.

जोडशब्द हे जर्मनचं मोठं उपकारक वैशिष्ट्य आहे. शब्द कितीही लांब असो, शेवटचा घटक लिंग ठरवतो. ब्लूट म्हणजे रक्त, ते डास. पण रक्तदाब डेर ब्लूटड्रुक, रक्तगट डी ब्लूटग्रुपे, रक्तचाचणीचा अहवाल डास ब्लूटबिल्ड. ड्रुक, ग्रुपे आणि बिल्ड हे तीन शब्द माहीत असले की पुढे काहीही जोडा. श्टूल म्हणजे खुर्ची, ती डेर, म्हणून चाकाची खुर्ची डेर रोल्श्टूल. मराठीतही 'देवघर' ते आणि 'देवपूजा' ती. म्हणून लांब शब्द दिसला की घाबरून सुरुवातीकडे पाहू नका, शेवटून वाचा.

अर्थावरूनही काही गट पडतात. वार, महिने, ऋतू सगळे डेर. पाऊस, बर्फ, वारा हे डेर रेगेन, डेर श्ने, डेर व्हिंड. मोटारीचं नाव डेर, मोटरसायकलचं डी, त्यामुळे डेर बीएमडब्ल्यू म्हणजे चारचाकी आणि डी बीएमडब्ल्यू म्हणजे दुचाकी. कारण मनात डेर व्हागेन आणि डी माशीने हे शब्द असतात. आपण 'गाडी' मनात धरून 'ती इनोव्हा' म्हणतो, तसंच. नद्यांच्या बाबतीत मात्र मराठी मन अडखळतं. आपल्याला कृष्णा, कोयना, गोदावरी सगळ्या आयाच. जर्मनीत डोनाउ, एल्बे, इझार या डी आहेत, पण र्‍हाइन, माइन आणि श्टुटगार्टमधून वाहणारा नेकार हे डेर. तुम्ही त्याच भागात, म्हणजे बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, जाणार असाल तर डेर नेकार आत्ताच म्हणून ठेवा.

आणखी एक गोष्ट, थोडी खोलातली. क्लाउस-मिषाएल क्योप्के आणि डेव्हिड झुबिन या भाषाशास्त्रज्ञांनी १९८०च्या दशकात एकावयवी, म्हणजे एकाच उच्चारखंडाच्या, जर्मन नामांचा अभ्यास केला. अशा शब्दांना काही नियम नाही असंच तोवर मानलं जायचं. त्यांनी दाखवलं की शब्दाच्या ध्वनीतही लिंगाकडे कल असतो. 'क्न'ने सुरू होणारे छोटे शब्द घ्या: डेर क्नोप्फ म्हणजे बटण, डेर क्नाल म्हणजे धडाका. डास क्नी हा अपवाद. किंवा 'ख्ट'ने संपणारे: डी नाख्ट म्हणजे रात्र, डी माख्ट म्हणजे सत्ता. हे नियम म्हणून पाठ करायचे नाहीत. सांगायचं एवढंच की पुष्कळ ऐकल्यावर 'हा शब्द डेर वाटतोय' असं जे आतून येतं, ते हवेतून येत नसतं. कान मोजत असतो. त्या आतल्या आवाजावर विश्वास ठेवायला शिका.

आता तुमच्या यादीबद्दल. तीस शब्द फार होतात, आठ घ्या. आणि शब्द एकटा कधीच लिहू नका, अगदी 'डी व्हुंडे' असासुद्धा नको. प्रत्येक शब्दाचे तीन तुकडे मोठ्याने म्हणा. पहिल्यात विशेषण, दुसऱ्यात तुम्ही त्या वस्तूचं काय करता, तिसऱ्यात 'मिट' किंवा 'इन'सारखं शब्दयोगी. जखमेसाठी: आइने टीफे व्हुंडे, इश राइनिगे डी व्हुंडे, इन डेर व्हुंडे. बँडेजसाठी: आइन नॉयर फेरबांड, इश व्हेक्सले डेन फेरबांड, मिट डेम फेरबांड. पलंगासाठी: आइन लेरेस बेट, इश माखे डास बेट, इम बेट.

विशेषण मुद्दाम घालायला सांगते, कारण 'आइन'मध्ये डेर आणि डास लपून जातात. आइन फेरबांड, आइन बेट, काहीच कळत नाही. 'नॉयर' आणि 'लेरेस' म्हटलं की लिंग उघडं पडतं. चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगलं मूल. गूटर, गूटे, गूटेस. ही लय तुमच्या तोंडात आधीच आहे.

आणि दुसरा-तिसरा तुकडा का? कारण लिंग विभक्तीत गेल्यावर रूप बदलतं, आणि तिथेच ए-टूपर्यंत तरलेले विद्यार्थी बी-वनला बुडतात. 'मिट डेर पाट्सिएंटिन' ऐकलं की मुलं गोंधळतात, पाट्सिएंटिन तर डी होती, मग डेर कुठून आला? तो चतुर्थीतला डेर, जर्मनमध्ये ज्याला डाटिफ म्हणतात. स्त्रीलिंगी नामाला तिथे डेरच लागतो. त्याउलट डेर आणि डास या दोघांचाही तिथे डेम होतो. कर्मकारकात, म्हणजे आकुझाटिफमध्ये, फक्त पुल्लिंगी बदलतं, डेरचं डेन होतं, बाकी सगळं जागच्या जागी राहतं. म्हणून वेळ कमी असेल तर आधी पुल्लिंगी नामं पक्की करा. ती चुकली की चूक वाक्यात जागोजाग ऐकू येते. हा प्रकारही आपल्याला परका नाही. भिंत, भिंतीला. घर, घराला. घोडा, घोड्याला. सामान्यरूप कसं होणार हे ठरवण्यात नामाच्या लिंगाचा हात असतो, आणि ही रूपं तुम्ही तक्ता न पाहता शिकलात, कारण शब्द तुम्हाला नेहमी वाक्यातच भेटले.

रंग वापरायचे असतील तर निळा, लाल, हिरवा हे पुस्तकांत सर्रास दिसतात, तेच ठेवा. प्रत्येक पुस्तकाबरोबर रंग बदलले तर उपयोग शून्य. अनेकवचनही सोबतच लिहा. तिथे तिन्ही लिंगांना डी लागतं, त्यामुळे थोडा दिलासा मिळतो, पण 'डी मेडिकामेंटे' ऐकून मेडिकामेंट डी आहे असा समज व्हायला नको.

एक सराव मात्र रोज करा, पाच मिनिटं पुरे. घरातल्या वस्तूबद्दल प्रश्न विचारा आणि उत्तरात नाम न घेता सर्वनाम घ्या. किल्ली कुठे आहे? डेर श्ल्युसेल, म्हणून उत्तर 'एर' ने सुरू करा. गोळी कुठे आहे? डी टाब्लेटे, म्हणून 'झी'. औषध कुठे आहे? 'एस'. इंग्रजीची सवय असलेली मुलं सगळ्यांना 'एस' म्हणतात. मराठीत तुम्ही किल्लीला 'ती टेबलावर आहे' असंच म्हणता, 'ते' म्हणत नाही. तोच संस्कार जर्मनमध्ये न्यायचा आहे.

चुकलं तर काय बिघडतं? 'डास व्हुंडे' म्हणालात तर डॉक्टरला जखमच समजेल, कुणी अडवणार नाही. काही ठिकाणी मात्र अर्थच बदलतो. डेर झे म्हणजे तलाव, डी झे म्हणजे समुद्र. डेर लाइटर म्हणजे प्रमुख, डी लाइटर म्हणजे शिडी. डेर किफर म्हणजे जबडा, डी किफर म्हणजे पाइनचं झाड, आणि जबडा तुमच्या कामातला शब्द आहे. त्याहून मोठा प्रश्न सर्वनामाचा. एका वाक्यात जखम, बँडेज आणि मलम असेल आणि पुढे तुम्ही 'एर' म्हणालात, तर ऐकणारा पुल्लिंगी नाम शोधतो, म्हणजे बँडेज. तुमच्या मनात जखम असेल, तर ड्यूटी बदलताना दिलेली माहिती चुकीची पोचते. म्हणून मी याबाबतीत कडक आहे.

जर्मन माणसांचंही सगळ्या शब्दांवर एकमत नसतं. योगर्ट डेर की डास, डुडेन कोशात दोन्ही आहेत, आणि ऑस्ट्रियात डीसुद्धा ऐकू येतं. ईमेल जर्मनीत डी, पण दक्षिणेकडे, ऑस्ट्रियात आणि स्वित्झर्लंडमध्ये डासही म्हणतात. आपल्याकडे 'तो पेन' की 'ते पेन' यावर एकाच घरात दोन मतं असतात, तशीच गंमत. असा शब्द आला तर सोबतचे लोक काय म्हणतात ते ऐका आणि तेच उचला.

एक सवय मात्र आजपासून मोडा. आठवत नसलं की विद्यार्थी 'ड...' असं काहीतरी तोंडातल्या तोंडात पुटपुटून पुढे जातात. परीक्षेत हे लगेच कळतं, आणि कानाला काहीच शिकायला मिळत नाही. शेपूट पाहा, अंदाज करा आणि स्पष्ट बोला. चुकलात तर समोरचा बहुतेक वेळा उत्तरात तो शब्द बरोबर आर्टिकलसह वापरतो. तो ऐकताच लगेच पुन्हा म्हणा, तिथल्या तिथे, दोनदा.

या आठवड्यासाठी तुमचे आठ शब्द मीच देते: डेर फेरबांड, डेर ब्लूटड्रुक, डेर र्‍युकेन, डी व्हुंडे, डी लेबर, डास बेट, डास फीबर, डास मेडिकामेंट. प्रत्येकाचे तीन तुकडे, सकाळी आणि रात्री. पुढच्या सोमवारी नवे आठ घ्याल तेव्हा हे आठही त्यांच्याबरोबर पुन्हा म्हणा.